सुरांचा बादशहा बीथोव्हेन

मुलांनो, जर्मनी देशात ऱ्हाईन नावाची मोठी नदी आहे. तिच्या काठी बॉन हे शहर वसलेले आहे. या शहरात 1770 साली, डिसेंबर महिन्यात एका मुलाचा जन्म झाला. त्याचे नाव लुडविग व्हान बीथोव्हेन. त्याच्या जन्माची नेमकी तारीख कोणी लिहून ठेवली नाही. 17 डिसेंबर रोजी चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला, एवढी नोंद मात्र सापडते.

घर गाणाऱ्यांचे होते. लुडविगचे आजोबा बॉनच्या दरबारात संगीतकारांचे प्रमुख होते. वडील त्याच दरबारात गात असत. मुलाच्या बोटांत कला आहे, हे वडिलांनी लवकर ओळखले. पण ते स्वभावाने कडक होते आणि त्यांना दारूचे व्यसन होते. छोट्या लुडविगला ते तासन्‌तास वाद्यासमोर बसवत. चूक झाली की मार मिळे. कधीकधी रात्री झोपेतून उठवूनही त्याला वाजवायला लावत, असे शेजाऱ्यांनी पुढे सांगितले. 1778 साली कोलोन शहरात त्याचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला. तेव्हा तो सात वर्षांचा होता. वडिलांनी जाहिरातीत मात्र सहा वर्षे असे छापले! मुलगा जितका लहान, तितके लोकांना कौतुक अधिक.

1787 साली आई क्षयाने वारली. त्यानंतर वडिलांचे व्यसन वाढले. दोन धाकट्या भावांना सांभाळण्याची जबाबदारी लुडविगवर आली. तुमच्यापेक्षा तो थोडाच मोठा होता. दरबारात वाद्य वाजवून तो घर चालवू लागला.

1792 साली तो बॉन सोडून व्हिएन्नाला गेला. ही ऑस्ट्रिया देशाची राजधानी. त्या काळी युरोपातील मोठमोठे संगीतकार तेथे राहत. आपल्याकडे शागीर्द उस्तादाकडे शिकायला जातो, तसा बीथोव्हेन जोसेफ हायडन या नामवंत संगीतकाराकडे शिकू लागला. थोड्याच वर्षांत व्हिएन्नात त्याचे नाव झाले. सरदारांच्या वाड्यांत त्याला बोलावणी येत. तो पियानोवर बसे आणि आयत्या वेळी सुचेल ते वाजवी. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येई. पैसा येऊ लागला, मान मिळू लागला. असे सर्व नीट चालले असताना एक गोष्ट बिघडू लागली.

सुमारे 1798 पासून त्याच्या कानांत आवाज होऊ लागले. गुणगुण, शिट्टीसारखा आवाज, दिवसरात्र. बाहेर सगळे शांत असले तरी कानांत शांतता नसे. मग वरच्या पट्टीचे सूर ऐकू येईनासे झाले. नाटक पाहायला गेला, तर नटांचे शब्द कळावेत म्हणून त्याला अगदी पुढे, वादकांजवळ बसावे लागे. कोणी हळू बोलले, तर आवाज येई पण शब्द समजत नसत. आणि कोणी ओरडून बोलले, तर ते सहन होत नसे. तेव्हा त्याचे वय होते जेमतेम 28 वर्षे.

हे असे का होते, ते थोडे समजून घेऊ. आवाज म्हणजे हवेतील लाटा. त्या कानात शिरतात आणि कानाच्या पडद्यावर आपटतात. पडदा हलतो. त्याच्या मागे तीन छोटी हाडे आहेत, ती हलतात. शेवटी ही हालचाल कानाच्या सर्वांत आतल्या भागात पोहोचते. तो भाग गोगलगाईच्या शंखासारखा गोल फिरलेला असतो. त्यात पाणी असते आणि केसांसारखी टोके असलेल्या अतिशय बारीक पेशी असतात. एका कानात अशा सुमारे 15,000 पेशी. त्या हलल्या की मज्जातंतूमार्फत मेंदूला बातमी जाते आणि आपल्याला ऐकू येते. शंखाच्या तोंडाशी असलेल्या पेशी उंच सूर ओळखतात, आतल्या टोकाकडच्या पेशी खालचे सूर ओळखतात. बहुतेक वेळा तोंडाशी असलेल्या पेशी आधी खराब होतात, म्हणून उंच सूर आधी हरवतात. कापलेले नख पुन्हा वाढते, खरचटलेली कातडी भरून येते. या पेशी मात्र एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत.

बीथोव्हेनला हे काही ठाऊक नव्हते. त्या काळच्या डॉक्टरांनाही नव्हते. त्याला फक्त एवढेच कळत होते की आपले कान जात आहेत.

तुम्हांला वाटेल, त्याने लगेच सर्वांना सांगितले असेल. नाही. त्याने ते लपवले. गायकाचा गळा, चित्रकाराचे डोळे, तसे संगीतकाराचे कान. हा बहिरा आहे असे कळले, तर आपले शत्रू काय म्हणतील, ही भीती त्याला वाटे. सुमारे दोन वर्षे तो लोकांच्या बैठकींना जाणे टाळत राहिला. 1801 च्या जून महिन्यात त्याने आपल्या बालमित्राला पत्र लिहिले. वेगेलर हा मित्र डॉक्टर होता. पत्रात बीथोव्हेनने आपल्या दुखण्याची सगळी हकीकत सांगितली, आणि हे कोणाला कळू देऊ नकोस अशी विनंतीही केली.

तुमच्या वर्गातही असा एखादा मित्र असू शकतो. त्याला फळ्याजवळचे बोलणे ऐकू येत नाही, पण हसतील म्हणून तो बोलत नाही. हाक मारली तर वळत नाही. शिक्षक एक विचारतात, तो भलतेच उत्तर देतो. आपण त्याला बेफिकीर म्हणून मोकळे होतो. बीथोव्हेनलाही लोक गर्विष्ठ, तुसडा, माणूसघाणा म्हणत. खरे कारण कोणी विचारले नाही आणि त्यानेही सांगितले नाही.

इलाज मात्र त्याने पुष्कळ केले. एका डॉक्टरने कानात बदामाचे तेल घालायला सांगितले. दुसऱ्याने थंड पाण्याने आंघोळ करायला लावली. तिसऱ्याने डॅन्यूब नदीच्या कोमट पाण्याची आंघोळ सांगितली. एका झाडाची झोंबणारी साल दोन्ही दंडांवर बांधून फोड आणण्याचा इलाजही झाला. त्यामुळे कित्येक दिवस त्याला हात हलवणे कठीण झाले आणि पियानो बंद पडला. कानांना गुण आलाच नाही.

आपण या डॉक्टरांना हसू नये. दोनशे वर्षांनंतरही आपल्या घरांत कान दुखला की गरम तेल ओतणारे लोक आहेतच. लसूण घातलेले तेल, कांद्याचा रस, काय वाटेल ते. पडद्याला भोक असेल तर हे तेल सरळ आत जाते आणि दुखणे वाढते. कान वाहत असेल, म्हणजे त्यातून पू किंवा पाणी येत असेल, तर तो कोरडा ठेवावा आणि डॉक्टरांना दाखवावा. आज अशा पुष्कळ दुखण्यांवर औषध आहे, पडद्याचे भोक बुजवण्याची शस्त्रक्रिया आहे. बीथोव्हेनकडे यांतले काहीच नव्हते. शिवाय कानातला मळ म्हणजे घाण, असे समजून काडेपेटीची काडी, पिन, किल्ली कानात घालणारेही आहेत. तो मळ कानाचा पहारेकरी आहे. धूळ तो अडवतो आणि हळूहळू स्वतःच बाहेर येतो. काडीने आपण त्याला आणखी आत ढकलतो. आणि कानशिलात मारलेल्या एका चापटीनेही पडदा फाटू शकतो, हे मोठ्या माणसांनीही लक्षात ठेवलेले बरे.

1802 साली डॉक्टर श्मिट यांनी बीथोव्हेनला सांगितले, की शहर सोड आणि कानांना विश्रांती दे. म्हणून तो व्हिएन्नाजवळच्या हायलिगेनश्टाट नावाच्या खेड्यात जाऊन राहिला. शेते, झाडे, ओढा, शांतता. तो रोज दूरवर फिरायला जाई. एके दिवशी रीस नावाचा त्याचा शिष्य बरोबर होता. रानात एक मेंढपाळ लाकडी बासरी फार गोड वाजवीत होता. रीसने उस्तादाचे लक्ष तिकडे वेधले. बीथोव्हेन उभा राहून ऐकू लागला. अर्धा तास गेला, त्याला काहीही ऐकू आले नाही. शिष्याला वाईट वाटले. मलाही आता ऐकू येत नाही, असे त्याने खोटेच सांगितले. पण बीथोव्हेन गप्प गप्प झाला. त्याचा चेहरा उतरला.

त्याच वर्षी 6 ऑक्टोबर रोजी त्याने आपल्या दोन भावांसाठी एक लांब पत्र लिहिले. त्यात त्या बासरीची गोष्ट आहे. मोठ्याने बोला, मला ऐकू येत नाही, असे लोकांना सांगणे किती जड जाते, तेही आहे. जगणे नकोसे झाले होते, पण मनात असलेले संगीत पूर्ण लिहिल्याशिवाय जग सोडून जाणे आपल्याला शक्य वाटले नाही, असे त्याने त्यात कबूल केले आहे. आपल्या मृत्यूनंतर डॉक्टरांनी आपल्या आजाराचे वर्णन लिहावे, म्हणजे जगाला आपल्या वागण्याचे कारण कळेल, अशी इच्छाही त्याने लिहिली. ते पत्र त्याने कोणाला पाठवले नाही. कागदपत्रांत ठेवून दिले. त्याच्या मृत्यूनंतर ते सापडले.

त्यानंतर तो व्हिएन्नाला परतला आणि कामाला लागला. काम तरी किती! सिंफनी म्हणजे अनेक वाद्यांनी मिळून वाजवायची मोठी रचना. अशा नऊ सिंफनी त्याने लिहिल्या. त्यांतल्या सात या पत्रानंतर पूर्ण झाल्या. 22 डिसेंबर 1808 च्या एका रात्री पाचवी आणि सहावी अशा दोन्ही नव्या सिंफनी लोकांनी प्रथम ऐकल्या. सहाव्या सिंफनीत ओढ्याचे वाहणे आहे, पक्ष्यांचे बोलणे आहे, वादळ आहे. जी गोष्ट कान ऐकू शकत नव्हते, ती त्याने आठवणीतून लिहिली.

हे कसे जमले असेल? त्या संगीतात सूर कागदावर खुणांनी लिहितात. तुम्ही मनातल्या मनात धडा वाचता, तेव्हा ओठ हलत नाहीत, तरी शब्द आत ऐकू येतातच ना? तसे त्याला कागदाकडे पाहून सूर ऐकू येत. लहानपणापासून केलेली मेहनत येथे उपयोगी पडली.

मे 1809 मध्ये नेपोलियनच्या फ्रेंच सैन्याने व्हिएन्नाला वेढा घातला. रात्रभर तोफा धडधडत होत्या. बीथोव्हेन आपल्या भावाच्या घरी तळघरात जाऊन बसला. त्याने डोक्याभोवती उशा धरल्या आणि कान झाकून घेतले. ज्याला ऐकू येत नाही, त्याने कान का झाकावेत, असा प्रश्न तुम्हांला पडेल. कारण असे, की कानाच्या आतल्या पेशी खराब झाल्या म्हणजे हळू आवाज ऐकू येत नाही, पण मोठा आवाज पूर्वीपेक्षाही जास्त टोचतो. आणि त्याला उरलेसुरले ऐकणे वाचवायचे होते. त्याचे कान मोठ्या आवाजाने गेले, असे मात्र म्हणता येत नाही. आवाजाची भीती त्याला आधीच दुखावलेल्या कानांमुळे होती.

आपल्याला मात्र मोठ्या आवाजाची भीती असायला हवी. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. दोन माणसांचे साधे बोलणे सुमारे 60 डेसिबल असते. 85 डेसिबलचा आवाज रोज आठ तास कानांवर पडत राहिला, तर कालांतराने कान खराब होऊ शकतात. आवाज 100 डेसिबल असेल, तर पंधरा मिनिटेही पुष्कळ झाली. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी येथील मुलांनी यंत्रमागांचा खडखडाट ऐकलेला असेल. मागांच्या रांगेत उभे राहून शेजारच्या माणसाशी बोलायचे, तर त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडावे लागते. वर्षानुवर्षे तेथे काम करणाऱ्यांना उतारवयात कमी ऐकू येते, ते उगीच नाही. कानात घालायची बोळकी स्वस्त मिळतात, पण वापरणारे थोडे. फटाका कानाजवळ फुटला, तर एका क्षणात इजा होते. लग्नाच्या मिरवणुकीत मोठ्या कर्ण्यांच्या भिंतीसमोर नाचून आल्यावर कानांत शिट्टी वाजत राहते, हे तुमच्यापैकी कित्येकांनी अनुभवले असेल. ती शिट्टी म्हणजे त्या बारीक पेशींची तक्रार आहे. इअरफोनचा आवाज पूर्ण वाढवण्याऐवजी शंभरात साठच्या आसपास ठेवावा आणि मधूनमधून कान मोकळे करावेत, असे जाणकार सांगतात.

आता पुन्हा व्हिएन्नाला जाऊ. मेल्त्सेल नावाचा एक कारागीर तेथे होता. ताल मोजण्याच्या यंत्रासाठी त्याचे नाव आजही घेतले जाते. 1812 ते 1814 या काळात त्याने बीथोव्हेनसाठी धातूचे कर्णे बनवले. त्यांचे बारीक तोंड कानात धरायचे आणि रुंद तोंड बोलणाऱ्याकडे करायचे. आवाज गोळा होऊन कानात येई. श्रवणयंत्र निघण्याआधी हाच काय तो उपाय होता. काही वर्षे त्यांचा थोडा उपयोग झाला. दातांत काठी धरून तिचे दुसरे टोक तो पियानोला लावत असे, अशीही एक गोष्ट सांगतात. ती खरी असो वा नसो, हाडांतून आवाज आत जातो हे खरे आहे. तुम्ही दोन्ही कान बोटांनी बंद करून गुणगुणून पाहा.

1814 साली त्याने लोकांसमोर पियानो वाजवला. त्याचा सराव स्पोर नावाच्या एका व्हायोलिनवादकाने ऐकला आणि त्याला फार वाईट वाटले. जोरात वाजवायचे असेल तेथे बीथोव्हेन इतके जोरात ठोके, की तारा झणझणत. हळू वाजवायचे असेल तेथे इतके हळू, की सूर उमटतच नसत. आपण काय वाजवतो आहोत, हे त्यालाच कळत नव्हते. एकेकाळी ज्याच्या पियानोवर व्हिएन्ना फिदा होते, त्याला वादक म्हणून रंगमंच सोडावा लागला. लंडनच्या ब्रॉडवूड या कारखानदाराने भेट म्हणून पाठवलेला मोठ्या आवाजाचा नवा पियानो 1818 साली त्याला मिळाला. त्यावर तो घरी एकटाच वाजवीत बसे.

त्याच सुमारास कर्णेही पुरेनासे झाले. मग त्याने जवळ वही ठेवायला सुरुवात केली. भेटायला येणारा माणूस आपले म्हणणे वहीत लिही आणि बीथोव्हेन ते वाचून तोंडाने उत्तर देई. अशा शंभराहून अधिक वह्या आजही जपून ठेवलेल्या आहेत. त्या वाचताना गंमतही वाटते आणि वाईटही वाटते. त्यांत मित्रांचे प्रश्न आहेत, पुतण्याची तक्रार आहे, स्वयंपाकिणीचे हिशेब आहेत. बीथोव्हेनची उत्तरे बहुतेक ठिकाणी नाहीत, कारण ती हवेत विरून गेली.

या शांततेतच त्याने नववी सिंफनी लिहिली. तिच्या शेवटच्या भागात वाद्यांबरोबर माणसेही गातात. सर्व माणसे भाऊ भाऊ होतील, अशा अर्थाची शिलर या जर्मन कवीची कविता त्याने त्यासाठी निवडली. 7 मे 1824 रोजी व्हिएन्नाच्या एका नाट्यगृहात ती प्रथम वाजवली गेली. गर्दी खूप होती. बीथोव्हेन वादकांसमोर उभा राहून हातांनी ताल दाखवत होता. पण त्याच्याशेजारी उमलाउफ नावाचा दुसरा संगीतकार उभा होता. त्याने वादकांना आधीच बजावले होते, की माझ्याकडे पाहा, त्यांच्याकडे पाहू नका. बीथोव्हेन पाने उलटत होता, हात हलवत होता, आणि संगीत दुसऱ्याच माणसाच्या इशाऱ्यावर चालले होते.

लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. बीथोव्हेनची पाठ लोकांकडे होती. त्याला काही कळले नाही. तो वहीत पाहतच उभा राहिला. तेव्हा कारोलीन उंगर ही वीस वर्षांची गायिका पुढे झाली. तिने त्याचा हात धरला आणि हळूच त्याचे तोंड लोकांकडे वळवले. लोकांच्या एकदम लक्षात आले. मग ते नुसत्या टाळ्या वाजवीत राहिले नाहीत. त्यांनी टोप्या उंच धरल्या, हातरुमाल हलवले, म्हणजे त्याला डोळ्यांनी तरी दिसावे. बीथोव्हेनने वाकून सर्वांना अभिवादन केले.

त्यानंतर तो फार वर्षे जगला नाही. 26 मार्च 1827 रोजी व्हिएन्नातच त्याचा मृत्यू झाला. त्याच्या अंत्ययात्रेला हजारो लोक आले. दुसऱ्याच दिवशी डॉक्टर वाग्नर यांनी त्याचे शरीर तपासले होते. हायलिगेनश्टाटच्या पत्रातली इच्छा अशी पंचवीस वर्षांनी थोडीफार पुरी झाली. कानांकडून मेंदूकडे जाणारे मज्जातंतू सुकून बारीक झाले होते, अशी नोंद त्यांनी केली. अधिक तपासासाठी कानांजवळची हाडे काढून ठेवली होती, पण ती पुढे हरवली.

त्याच्या केसांच्या काही बटा मात्र चाहत्यांनी जपल्या होत्या. 2023 साली शास्त्रज्ञांनी त्या केसांतील आनुवंशिक माहिती वाचली. यकृताच्या आजाराची कारणे त्यांना सापडली, बहिरेपणाचे कारण सापडले नाही. 2024 साली दोन बटांमध्ये शिसे नेहमीपेक्षा कित्येक पट जास्त असल्याचे आढळले. स्वस्त दारू गोड करण्यासाठी त्या काळी तीत शिसे मिसळत. शिशाने मज्जातंतूंना इजा होते, म्हणून त्याचाही थोडा वाटा असावा, असे शास्त्रज्ञांना वाटते. एवढे होऊनही, त्याचे कान कशाने गेले हे अजून कोणी खात्रीने सांगू शकलेले नाही.

बॉनमधील त्याच्या जन्मघराचे आता संग्रहालय झाले आहे. मेल्त्सेलने बनवलेले ते कर्णे तेथे ठेवलेले आहेत.